पहिलं प्रकरण आता पाकिटात घाला

ऐरोलीत नोकरी करणाऱ्या आणि ठाण्याहून रोज लोकलने ये-जा करणाऱ्या एका ताईंनी लांबलचक पत्र लिहून विचारलं आहे. त्यांची कादंबरी घणसोलीजवळच्या एका आगरी कुटुंबाची आहे. नवी मुंबई वसवताना भाताची जमीन सिडकोच्या संपादनात गेली, त्यानंतरच्या तीन पिढ्यांची. तीन वर्षं काम चालू आहे. आराखडा चाळीस पानांचा झाला आहे, पहिलं प्रकरण अकरा वेळा लिहून झालं आहे आणि दुसरं अजून सुरूच झालेलं नाही. त्यांचे प्रश्न असे: आधी सगळा आराखडा पक्का करावा की लिहीत सुटावं? लिहिलेलं सुधारत सुधारत पुढे जावं की शेवटी एकदम हात घालावा? या तिन्ही कामांना किती किती वेळ द्यावा? आणि काही लेखक महिन्याभरात कादंबरी हातावेगळी करतात, ते कसं?

ताई, सगळ्यात निकडीचं आहे ते आधी सांगते. बाराव्यांदा पहिलं प्रकरण लिहू नका. ते वाईट उतरलंय असं अजिबात नाही. तुम्ही पाठवलेली चार पानं मी दोनदा वाचली. भरतीचं पाणी बांध ओलांडून शेतात शिरतं तो परिच्छेद तर फार नेमका आहे. पण ते प्रकरण सुधारायला जी माहिती लागते, ती तुमच्याजवळ अजून आलेलीच नाही. ती तुमच्या शेवटच्या काही प्रकरणांत आहे आणि ती प्रकरणं लिहायची राहिली आहेत.

हे माझ्या हातून कसं घडलं ते सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

माझी तिसरी कादंबरी वागळे इस्टेटमधल्या एका कामगाराच्या घराची आहे. कंपनीला टाळं लागतं आणि वडील घरी येतात, हा दुसऱ्या प्रकरणातला प्रसंग. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं:

"त्या दिवशी बाबा घरी आले तेव्हा पार खचून गेले होते. कंपनी बंद झाल्याचं त्यांनी आईला सांगितलं. आईच्या डोळ्यांना धार लागली."

व्याकरणाने यात काही चूक नाही. पण हे कुठल्याही घरात, कुठल्याही आईबापांच्या बाबतीत लिहिता येईल. मला ते तेव्हाही खटकत होतं. आठवडाभर मी त्या तीन वाक्यांशी झटत होते. 'पार खचून' काढून 'खांदे पाडून' केलं, धार काढून हुंदका आणला, हुंदका काढून डोळ्याला पदर लावला. प्रसंग जिथल्या तिथे. शेवटी एका ज्येष्ठ संपादकांनी खडसावलं, "तो तुकडा तसाच टाक आणि पुढे जा." गेले.

चार महिन्यांनी नवव्या प्रकरणात शेजारीण आईशी नळावरून भांडत होती. भांडता भांडता ती बोलून गेली, "तुझ्या नवऱ्याला तर मी रोज तलावपाळीवर बसलेला बघत होते, कोपिनेश्वराच्या बाजूला. डबा मांडीवर घेऊन." हे मी ठरवलेलं नव्हतं. माझ्या आराखड्यात त्या शेजारणीच्या नावावर एक ओळसुद्धा नव्हती. पण ते वाक्य कागदावर आलं आणि माझा पेन थांबला. म्हणजे कंपनी बंद झाल्यावरही वडील कितीतरी दिवस डबा घेऊन घराबाहेर पडत होते. आणि त्यानंतर दोन पानांत हेही कळलं, की आईला ते ठाऊक होतं. ठाऊक असून ती रोज पहाटे उठून डबा भरत होती.

आता दुसऱ्या प्रकरणात तिने रडणं शक्यच नव्हतं. पुनर्लेखनात तो प्रसंग असा झाला:

"बाबा सहाला आले, नेहमीसारखे. आईने डबा उघडला. भाजी तशीच होती. तिने पोळ्या मोजल्या. चार. झाकण लावून तिने डबा ओट्याच्या कोपऱ्यात सरकवला आणि विचारलं, 'मीठ जास्त झालं होतं का?'"

हा बदल मला नवव्या प्रकरणाने दिला. दुसरं प्रकरण शंभर वेळा घोटत बसले असते तरी त्या चार पोळ्या मला सापडल्या नसत्या. तुमच्या पहिल्या प्रकरणातल्या आजोबांचंही असंच काहीतरी पुढे कुठेतरी तुमची वाट बघत असणार. ते हाती आलं की पहिलं प्रकरण कसं लिहायचं हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला असेल. तोवर त्याला हात लावणं म्हणजे नमनालाच घडाभर तेल जाळणं.

आता आराखडा. यात दोन पंथ आहेत आणि दोन्हीकडून मी ठेच खाल्ली आहे.

पहिली कादंबरी मी काहीही न ठरवता लिहिली. शंभर पानांपर्यंत गाडी छान धावली आणि मग रूळच संपले. नंतर वीसेक वर्षं प्रकाशकांसाठी हस्तलिखितं वाचताना हा प्रकार इतक्या वेळा पाहिला की आता मी तो दुरून ओळखते. साधारण अर्ध्यावर अचानक एखादा अपघात येतो, जुना मित्र परदेशातून परततो, नाहीतर कुणाला तरी असाध्य आजार होतो. लेखकाला पुढे काय ते माहीत नसतं, म्हणून तो बाहेरून घटना आणतो.

दुसऱ्या वेळी मी उलटं केलं. बासष्ट कार्डं तयार केली, एका कार्डावर एक प्रसंग, भिंतीवर ओळीने लावली. आठ महिन्यांत २४० पानं झाली. वाचायला दिली तेव्हा तीन वेगवेगळ्या माणसांनी एकच सांगितलं: सगळं कळतं, पण कुणाविषयी काही वाटत नाही. त्यांचं बरोबर होतं. सतराव्या कार्डावर लिहिलं होतं की बहीण घर सोडते, म्हणून सतराव्या प्रसंगात ती घर सोडत होती. तिला त्या दिवशी जावंसं वाटतंय का, हे मी तिला विचारलंच नव्हतं. कार्डं लिहिताना मी त्या बहिणीला भेटलेले नव्हते. लिहिता लिहिता भेटले, तरी कार्डाचंच ऐकलं. ती २४० पानं मी बाजूला ठेवली. त्यातली पुढे कशीबशी तीस वापरता आली.

तेव्हापासून लिहायला बसण्याआधी मी एका पानापेक्षा जास्त आराखडा करत नाही. त्या पानावर तीनच गोष्टी असतात. ही गोष्ट कुणाच्या डोळ्यांनी सांगायची. सुरुवातीला जसं आहे तसं शेवटी कुठल्याही परिस्थितीत राहणार नाही, असं काय आहे. आणि तूर्तास थांबायचं कुठे, म्हणजे शेवटचा प्रसंग कुठल्या जागी, कुणाकुणामध्ये. हा शेवटचा मुद्दा नंतर जवळजवळ नेहमीच बदलतो, पण तो असला की अर्ध्यावर रूळ संपत नाहीत.

तुमच्या कादंबरीला मात्र याशिवाय एक गोष्ट आधीच लागेल: काळाचा तक्ता. चाळीस पानांचा आराखडा मी दोन बैठकींत वाचला. प्रसंगांची त्यात रेलचेल आहे, सनावळी मात्र जवळजवळ नाहीच. तुमचा विषय असा आहे की बाहेरचं जग तारखांनिशी तुमच्या घरात शिरतं. १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात उरण तालुक्यात गोळीबार झाला, १६ आणि १७ तारखेला, आणि पाच जण हुतात्मा झाले. १९९२ मध्ये मानखुर्दहून खाडीवरून लोकल वाशीला आली. ठाणे ते वाशी गाडी धावायला २००४ उजाडलं.

आता एक मोठा कागद घ्या. डावीकडून उजवीकडे ही सालं लिहा आणि खाली एकेका माणसाचं वय मांडा. समजा आजोबांचा जन्म १९२५ चा. जमिनीची नोटीस येते तेव्हा ते पंचेचाळिशीच्या पुढे, गोळीबाराच्या वेळी एकोणसाठ. मुलगा १९५२ चा धरला तर १९८४ ला तो बत्तीस वर्षांचा, घरात दोन लहान मुलं. आणि नात, जिच्या तोंडून तुम्हाला गोष्ट सांगायची आहे, तिचा जन्म तुम्ही एका ठिकाणी जाता जाता १९८० चा दिलाय. म्हणजे गोळीबाराच्या वेळी ती चार वर्षांची. चार वर्षांच्या मुलीला त्या दिवसातलं काय आठवेल? घराचं दार लावलेलं, कुणीतरी मोठ्याने रडतंय, आपल्याला कुणी जेवायला वाढत नाहीये, एवढंच. बाकी सगळं तिने पुढे आत्याकडून, शेजाऱ्यांकडून, शाळेतल्या भाषणांतून ऐकलेलं असणार. तिचा जन्म १९७६ वर नेला तर ती आठ वर्षांची होते आणि मग तिला बापाचा चेहरा आठवू शकतो. तो सोमवार होता, संक्रांत नुकतीच होऊन गेलेली, घरात तिळगुळाचा डबा असेल. आठ वर्षांच्या मुलीला तो डबा नक्की आठवेल.

बघा, चार वर्षांच्या फरकाने तुमची निवेदक बदलली. ऐकीव आठवणींवर घर बांधणारी बाई वेगळी आणि स्वतः पाहिलेलं विसरू न शकणारी बाई वेगळी. दोघींची भाषा वेगळी, दोघींचा राग वेगळा. हे असलं काही ठरवायला आराखडा हवा. आजी कुठल्या प्रकरणात कुठलं वाक्य बोलेल ते आत्ताच ठरवायला नको. तुमच्या चाळीस पानांत नेमकं उलटं झालंय.

एक जपून सांगायची गोष्ट. हा तक्ता करायला बसलात की अभ्यासाला अंत राहणार नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, तिथे जाल. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर उघडाल, त्यात खारजमीन, मीठ, भात यांवर पानंच्या पानं आहेत आणि ती वाचायला फार गोड लागतात. मीही त्यात हरवले आहे. पण लिहायची भीती वाटते तेव्हा माणूस अभ्यासाच्या आड लपतो. तक्त्याला तीन आठवडे द्या. त्यानंतर जे कळत नाही त्या जागी खर्ड्यात चौकोन काढा आणि पुढे जा.

खर्ड्याकडे वळू. साधारण दोनशे पानांची मराठी कादंबरी म्हणजे ६०,००० शब्दांच्या आसपास. रोज ३०० शब्द, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे आठवड्याला १,५००. चाळीस आठवड्यांत खर्डा पूर्ण. ३०० शब्द म्हणजे वहीचं जेमतेम दीड पान. ठाणे ते ऐरोली गाडीत तुम्हाला दहा-बारा मिनिटं मिळतात, तीही उभ्याने, हे मला माहीत आहे. म्हणून गाडीत लिहू नका, गाडीत फक्त पुढचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा: कोण कुठे बसलंय, कोणाला काय हवंय. आणि ऑफिसात शिरण्याआधी वीस मिनिटं कुठेतरी बसून तो उतरवा. माझ्या ओळखीच्या एका लेखिकेने दोन कादंबऱ्या स्टेशनबाहेरच्या बाकड्यावर लिहिल्या आहेत. तिला वेळेचं बंधन फार मानवलं. सुधारत बसायला सवडच नसायची.

फोनवर बोलून टाइप करणार असाल तर एक सांभाळा. फोन प्रमाण मराठी शिकलेला असतो. तुम्ही 'पानी' म्हणालात की तो 'पाणी' करून टाकू शकतो, 'डोला' चा 'डोळा'. तुमच्या आजीची बोली त्यात नकळत धुतली जाईल. आजीचे संवाद तेवढे हाताने लिहा.

लिहिताना मागे वळून वाचायचं ते फक्त आदल्या दिवसाचं अर्धं पान, सूर पकडण्यापुरतं. आणि शेजारी एक वेगळी छोटी वही ठेवा. मी तिला 'नंतरची वही' म्हणते. समजा सातव्या प्रकरणात तुम्हाला वाटलं की आजोबा एका पायाने लंगडतात, बांधावरून पडल्यामुळे. लगेच मागे जाऊन सहा प्रकरणांत त्यांना लंगडं करू नका. वहीत एक ओळ लिहा: 'आजोबा लंगडतात, पहिल्यापासून.' आणि आठवं प्रकरण असं लिहा की जणू ते पहिल्यापासून लंगडतच आले आहेत. माझ्या तिसऱ्या कादंबरीच्या वेळी त्या वहीत खर्डा संपेपर्यंत १४० नोंदी झाल्या होत्या. त्यातल्या पन्नासेक पुढच्या नोंदींनीच रद्द केल्या. म्हणजे पन्नास वेळा मागे जाऊन दुरुस्ती केली असती तर ती सगळी वाया गेली असती.

एकदाच थांबायचं. साधारण वीस हजार शब्द झाले, म्हणजे तिसरा हिस्सा झाला, की आठवडाभर लिहिणं बंद ठेवा. जुना एक पानी आराखडा फाडा आणि नवीन एक पान लिहा. आता तुम्ही या माणसांना भेटलेल्या आहात. कोण पुढे सरकलंय, कोण नुसतं जागा अडवून बसलंय, हे आता दिसतं. तुम्ही ज्याला आराखडा म्हणता तो खरं तर इथे जन्माला येतो. आणि त्याहून पक्का आराखडा खर्डा संपल्यावर होतो, त्याबद्दल पुढे सांगते.

महिन्याभरात कादंबरी लिहिणाऱ्यांबद्दल तुम्ही विचारलंत. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्स्कीचं. ऑक्टोबर १८६६ मध्ये त्याने 'जुगारी' ही कादंबरी २६ दिवसांत सांगून लिहून घेतली. १ नोव्हेंबरपर्यंत हस्तलिखित दिलं नाही तर प्रकाशकाशी झालेल्या करारापायी त्याच्या पुढच्या लिखाणाचे हक्क जाणार होते. अॅना नावाची तरुण लघुलेखिका ते उतरवून घेत होती. पुढच्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. हे सगळे सांगतात. पण या कादंबरीची कल्पना त्याने तीन वर्षं आधी, १८६३ मध्ये, रोमहून एका मित्राला पत्रात सविस्तर लिहून कळवली होती, हे सहसा कुणी सांगत नाही. आणि जुगाराच्या टेबलावर तो स्वतः पैसे हरत आलेला होता. लिहायला २६ दिवस लागले, पण ती माणसं त्याच्या डोक्यात तीन वर्षं राहत होती. तुमचीही तीन वर्षं राहत आहेत, ताई. या अर्थाने तुमची तीन वर्षं वाया गेलेली नाहीत. फक्त त्यांना दार उघडून बाहेर येऊ द्या.

खर्डा पूर्ण झाला की तो कपाटात ठेवून द्या. मी सहा आठवडे ठेवते. या काळात त्यातलं पान उघडायचं नाही, कुणाला वाचायलाही द्यायचं नाही. मग स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याची कागदाच्या एकाच बाजूला प्रिंट काढा, लिहिताना वापरला त्यापेक्षा वेगळ्या फाँटमध्ये, आणि स्पायरल करून घ्या. अक्षर बदललं की मजकूर परका वाटतो आणि परक्याच्या चुका दिसतात.

पहिलं वाचन हातात पेन न घेता करा. दुसऱ्या वाचनात प्रत्येक प्रसंगासाठी एकच ओळ लिहायची: या प्रसंगाआधी काय होतं आणि नंतर काय बदललं. 'आजी पैसे लपवते' ही नुसती घटना झाली. 'आजी पैसे लपवते, त्यामुळे मुलाला पहिल्यांदा कळतं की ती त्याला भिते' यात काहीतरी हललं. माझ्या वागळे इस्टेटच्या खर्ड्यात ७१ प्रसंग निघाले आणि त्यातल्या १९ मध्ये काहीच हललेलं नव्हतं. काही फार सुंदर लिहिलेले होते. उपवन तळ्यावरच्या संध्याकाळीचं तीन पानांचं वर्णन होतं, त्यावर माझा फार जीव होता. दोन दिवस मी त्याच्यासाठी जागा शोधत होते. ते गेलं. त्यातला एक कुल्फीवाला तेवढा बाराव्या प्रकरणात नेला.

ही ओळींची यादी म्हणजे तुमचा खरा आराखडा. आता तो कार्डांवर करा, भिंतीवर लावा, मागेपुढे हलवा. बासष्ट कार्डांची माझी हौस या टप्प्यावर सार्थकी लागते, कारण आता कार्डावर जिवंत माणसाचं वागणं लिहिलेलं असतं.

पुनर्लेखनाचा क्रम मी कधी मोडत नाही. आधी प्रसंग: कुठले ठेवायचे, कुठले जोडायचे, कुठले नव्याने लिहायचे. मग निवेदन: कोण सांगतंय, त्याला हे माहीत असायला हवं का. मग वाक्यं. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी. नवखा लेखक उलटीकडून सुरू करतो, ऱ्हस्व-दीर्घ तपासतो, विशेषणं बदलतो आणि मग तोच परिच्छेद प्रसंगाबरोबर कापावा लागतो. जे वाक्य उद्या जाणार आहे ते आज घासण्यात अर्थ नाही. तुम्ही अकरा वेळा जे केलंत ते बहुतेक हेच होतं. पाठवलेल्या दोन खर्ड्यांत प्रसंग तोच आहे, विशेषणं वेगळी आहेत.

बोलीचा प्रश्न या तिसऱ्या फेरीत येईल. खर्ड्यात आजी जशी कानाला ऐकू येते तशी लिहा, अडवू नका. नंतर मोठ्याने वाचा, शक्य झालं तर गावातल्या एखाद्या वयस्कर बाईंसमोर. जिथे त्या हसतील किंवा 'असं नाय बोलत' म्हणतील तिथे खूण करा. मग ठरवा की निवेदन प्रमाण भाषेत ठेवून संवाद आगरीत ठेवायचे का, की नातीच्या निवेदनातही आजीची भाषा झिरपू द्यायची. मला दुसरं जास्त पटतं. शहरात शिकलेली नात आजीबद्दल लिहिताना एखाद्या ठिकाणी 'मला' ऐवजी 'मना' लिहून गेली, आणि ते एकदाच, तर तिचं सगळं अंतर त्या एका शब्दात दिसेल. दर पानावर लिहिलं तर त्याची सवय होईल आणि काहीच दिसणार नाही.

तपशील तपासायचे तेही आता. खर्ड्यातले चौकोन भरायचे. मागे एका हस्तलिखितात नायक १९८८ साली ठाण्याहून वाशीला लोकलने मुलगी बघायला जातो असं होतं. लेखक अत्यंत मनापासून लिहिणारा, प्रसंगही सुरेख. पण ती गाडी सोळा वर्षांनी सुरू होणार होती. त्याला मी सांगितलं तेव्हा तो खट्टू झाला. नंतर त्याने नायकाला कळव्यामार्गे एसटीने पाठवलं, वाटेत बस बंद पडली, मुलीच्या घरी पोचायला रात्र झाली आणि तो प्रसंग पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला झाला. तुमच्या तक्त्यामुळे तुम्हाला अशी अडचण आणि अशी भेट, दोन्ही मिळतील.

थांबायचं कधी? माझ्यापुरती एक खूण आहे. एखाद्या पानावर मी काढलेला स्वल्पविराम पुढच्या फेरीत परत घालते आणि त्याच्या पुढच्या फेरीत पुन्हा काढते, असं सलग चार-पाच पानांवर झालं की हस्तलिखित प्रकाशकाकडे जातं.

प्रमाणाबद्दल आकडाच हवा असेल तर माझ्या चौथ्या कादंबरीचा देते: आराखडा आणि तक्ता मिळून सहा आठवडे, खर्डा अकरा महिने, पुनर्लेखन दोन वर्षांहून थोडं जास्त. पहिल्या कादंबरीचं पुनर्लेखन तीन महिन्यांत उरकलं होतं आणि ते वाचताना मला आजही जाणवतं. तुमचं गणित वेगळं निघेल. पण पुनर्लेखनाला खर्ड्यापेक्षा कमी वेळ लागला, तर मी कुणाला तरी हस्तलिखित दाखवून खात्री करून घेईन.

आता तुमच्या टेबलावरचं. चाळीस पानांच्या आराखड्यातून तीन वाक्यांचं पान काढा, उरलेली पानं फायलीत ठेवा. ती दुसऱ्या वाचनाच्या वेळी कामाला येतील. पहिल्या प्रकरणाचे अकराही खर्डे एका मोठ्या पाकिटात घाला, चिकटवा आणि वर लिहा: शेवटचं प्रकरण झाल्यावर. निदान चाळीस आठवडे ते उघडायचं नाही. दुसऱ्या प्रकरणापासूनच सुरुवात करायला हवी असंही नाही. तुमच्या पत्रात, तिसऱ्या पानावर, एक ओळ आहे: मोबदल्याचे पैसे आले त्या रात्री आजीने ते लाल फडक्यात बांधून धान्याच्या रिकाम्या कणगीत ठेवले आणि कणगीला भाताच्या वेळी करायची तशीच पूजा केली. आराखड्यात याला तुम्ही अर्धी ओळ दिली आहे आणि लगेच पुढच्या पिढीकडे गेला आहात. आजोबा तेव्हा कुठे होते? त्यांनी ते पाहिलं का? ती काय पुटपुटली?

सोमवारी गाडीत बसाल तेव्हा ती कणगी डोळ्यांसमोर आणा आणि ऐरोलीला उतरलात की तिथून लिहायला घ्या.